सगळं खापर धुक्यावर नको

वाचकाचा प्रश्न

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान, दीर आणि यजमानांचा मित्र यांनी मिळून 26 फुटी जुनी शिडाची बोट घेतली आहे. ती मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली असते. जानेवारीत, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, शनिवार गाठून सात जण रेवसच्या बाजूला गेले: हे तिघे, ताई, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि मित्राची बायको. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला नांगर टाकला. पाणी 3 मीटर होतं, दोर 15 मीटर सोडला. रात्री दीडला सासूबाईंना जाग आली तेव्हा बोट सरकत सरकत मच्छीमार बोटींच्या अंगावर चालली होती. आरडाओरडा करत नांगर पुन्हा टाकला. सकाळी दाट धुकं. सोमवारी सगळ्यांची ऑफिसं, मुलाची चाचणी परीक्षा, म्हणून साडेसातला इंजिनावर निघाले. थोड्याच वेळात भोंगा ऐकू आला आणि एक बार्ज, म्हणजे सपाट तळाचं मालवाहू जहाज, अगदी जवळून गेला. त्याला चुकवून उथळ पाण्याकडे वळले तर पंख्यात जाळ्याचा दोर अडकून इंजिन बंद. दीर पाण्यात उडी मारायला निघाले होते. शेवटी एका कोळी बोटीच्या नाखव्याने ओढत उरणजवळच्या करंजाला आणलं. त्यात सुकाणू धरणाऱ्या मित्राचा तळहात दोराने सोलवटला. लाइफ जॅकेटं शेवटपर्यंत पेटीतच होती.

आता यजमानांनी रडार मागवलं आहे आणि होळीच्या सुट्टीत पुन्हा जायचं ठरतं आहे. ताईंनी नको म्हटलं तर "तुला बोटीतलं काय कळतं" असं उत्तर मिळालं. त्या दिवशी त्या मित्राला नको ते बोलल्या, तेव्हापासून त्याच्या बायकोने बोलणं टाकलं आहे. जावं का, मुलाला पाठवावं का आणि हे संबंध कसे सावरावेत, असं त्या विचारतात.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात बराचसा दोष धुक्याच्या वाट्याला आला आहे आणि उरलेला त्या मित्राच्या. मला या दोन्ही वाटण्या पटल्या नाहीत.

नांगर सरकला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि धुकं नव्हतं, म्हणून सुरुवात तिथून करू. यजमान म्हणतात की पाण्याच्या पाचपट दोर सोडला, म्हणजे नियमाप्रमाणेच सोडला. हा नियम अर्धवट लक्षात राहिलेला आहे. पाचपट ही नुसत्या साखळीची गोष्ट. दोर असेल तर सातपट लागतो, आणि दोराच्या टोकाला निदान बोटीच्या लांबीइतकी, म्हणजे तुमच्या बाबतीत 8 मीटर, साखळी हवी. ही पटही आत्ताच्या पाण्यावर मोजायची नसते. भरती पूर्ण चढल्यावर जितकं पाणी होईल ते धरायचं आणि त्यात बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं जुनं गणित तुमच्या सासूबाईंना कदाचित माहीत असेल. द्वितीयेची पाऊणपट म्हणजे दीड. तुम्ही साडेसातला, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, नांगर टाकलात तो ऐन ओहोटीच्या तळाला. पौर्णिमेच्या पाठोपाठचे दिवस उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी सुमारे 4 मीटर चढतं. म्हणजे 3 मीटर मूळचं, 4 भरतीचं आणि 1 मीटर नाळेची उंची, असे झाले 8 मीटर. त्याच्या सातपट म्हणजे 56 मीटर दोर हवा होता. तुमचा होता 15 मीटर, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. भरती चढत गेली तसा दोर उभा होत गेला आणि त्याने नांगर चिखलातून वर उपटला. दीड वाजता जाग आली यात योगायोग काहीच नाही, पूर्ण भरतीची वेळ तीच.

इतका दोर सोडला की बोट मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून शेजारच्या बोटींपासून चारी बाजूंनी निदान 60-65 मीटर मोकळं पाणी बघूनच नांगर टाकायचा. टाकल्यावर इंजिन मागे चालवून दोराला ताण द्यायचा. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरायचे आणि ते हलतात का ते पाहायचं. रेवसचा तळ मऊ चिखलाचा आहे. तिथे रुंद पात्यांचा नांगर धरतो, आकड्यासारखा नांगर लोण्यातून सुरी जावी तसा ओढला जातो. मोबाईलवर नांगराचा अलार्म लावता येतो, पण भरती-ओहोटी पालटताना बोट पूर्ण फिरते हे धरून त्याची त्रिज्या ठेवावी लागते. नाहीतर तो उगाच वाजतो, मग कोणीतरी वैतागून बंद करतो आणि नेमका हवा तेव्हा तो मुका असतो.

आता सकाळ. जानेवारीत निरभ्र रात्री जमीन थंड होते, खाडीवरची दमट हवा गारठते आणि पहाटेचा मतलई वारा ते धुकं धरमतरच्या खाडीतून तिच्या मुखाशी, म्हणजे रेवसला, आणून सोडतो. अशा धुक्याला आयुष्य थोडं असतं. ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत ते बहुधा विरतं, आणि दुपारी खारे वारे सुटले की उरलीसुरली धूसरताही जाते. तुम्ही साडेसातला निघालात. साडेदहाला निघाला असतात तर? त्या दिवशी भरती दुपारी दीड-दोनपर्यंत चढत होती, म्हणजे बंदराच्या दिशेने जाताना ती तुमच्याच बाजूची होती. संध्याकाळी ऐरोलीला घरी पोचून मुलाची उजळणीही झाली असती. तीन तास थांबण्याची किंमत इतकीच होती. पण सोमवारचं ऑफिस डोक्यात बसलं की तीन तास तीन दिवसांसारखे वाटतात. म्हणून घोळ कुठे झाला असं विचाराल तर मी शुक्रवारी संध्याकाळी म्हणेन. परतीसाठी फक्त रविवारची सकाळ ठेवली आणि दुसरी वाटच आखली नाही, तिथे.

दुसरी वाट होती. रेवसहून अलिबाग-पेण-पनवेल रस्त्याने गाडी करून पाच जण घरी येऊ शकत होते, दोघे बोटीवर राहून धुकं विरल्यावर बोट आणू शकत होते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो जाते, तीही एक सोय आहे, मात्र दाट धुक्यात तिचाही भरवसा धरू नका. पुढच्या वेळी निघण्याआधीच एखाद्या गाडीवाल्याचा नंबर खिशात ठेवा. तो असला की "निघायलाच हवं" हे वाक्य कोणाच्या तोंडी येत नाही.

धुक्यात निघणं किती अंगाशी येऊ शकतं, याचा एक हिशोब यजमानांना करून दाखवा. समजा 200 मीटरपर्यंत दिसतंय. तुमचा वेग 5 नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. समोरून 12 नॉटने मोठं जहाज येतंय, म्हणजे सेकंदाला सहा मीटरहून जास्त. ते दिसल्यापासून धडकेपर्यंत 23 सेकंद मिळतात. भरलेल्या जहाजाला थांबायला एक किलोमीटरही पुरत नाही, म्हणजे जे काही करायचं ते तुम्हालाच. त्यात आडवा प्रवाह 2 नॉटचा असला तर अर्ध्या तासात बोट जवळजवळ दोन किलोमीटर बाजूला जाते आणि होकायंत्र मात्र इमानदारीने तीच दिशा दाखवत राहतं.

म्हणून एक साधी खूण ठरवा. रेवसला असाल तर समोरचा द्रोणागिरीचा डोंगर स्पष्ट दिसत नसेल तर नांगर उचलायचा नाही. यात मत, अनुभव, "होईल कमी आत्ता" यांना जागाच ठेवायची नाही. आदल्या संध्याकाळी अंदाजही घेता येतो. आकाश निरभ्र आहे, वारा पडलाय आणि हवामानाच्या ॲपमधलं तापमान व दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचाच फरक उरलाय, तर पहाटे धुकं येणार असं धरून चाला.

आणि वाटेत गाठलंच तर? तुम्ही उथळ पाण्याकडे वळलात हे योग्यच होतं आणि त्याबद्दल त्या मित्राचं कौतुक करायला हवं. बार्जला जिथे येताच येत नाही तिथे तुम्ही सुरक्षित असता. फक्त तिथे पोचल्यावर पुढे जात राहायचं नव्हतं, ओहोटीच्या तळाचा हिशोब करून नांगर टाकायचा होता. चालत असताना वेग इतका कमी ठेवायचा की दिसतंय त्याच्या निम्म्या अंतरात बोट थांबेल. दिवस असला तरी दिवे लावायचे. एक माणूस नाळेवर, इंजिनाच्या आवाजापासून लांब. त्याने ओरडायचं नाही, ऐकू येईल त्या दिशेला हात दाखवायचा. दर दोन-तीन मिनिटांनी इंजिन न्यूट्रलला टाकून सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. धुक्यात आवाजाची दिशा फसवते, म्हणून एकाच भोंग्यावरून वळू नका, दुसरा ऐकून खात्री करा.

आवाज तुम्हीही करायचा असतो. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इंजिनावर चालणारी बोट दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा देते, लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. नुसत्या शिडावर असाल तर एक लांब आणि दोन आखूड. 12 मीटरहून लहान बोटीला हेच भोंगे दिले पाहिजेत अशी सक्ती नाही, पण दर दोन मिनिटांत काहीतरी खणखणीत आवाज हवाच. गॅसच्या डब्याचे हॉर्न ऐन वेळी संपतात. तोंडाने फुंकायचा एक हॉर्न सोबत ठेवा. घरात कोणाला शंख फुंकता येत असेल तर तोही चालेल, मी गंमत करत नाहीये. हे काम मुलाला द्या. हातात घड्याळ आणि हॉर्न असलेलं मूल घाबरायला मोकळं राहत नाही.

आणखी एक. धुक्यात "शिडाच्या बोटीला मान" हा समज सोडा. दिसत नसताना कोणालाही आधी जायचा हक्क नसतो, आणि मोठ्या जहाजांच्या चॅनेलमध्ये, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या खोल वाटेत, तर शिडाच्या बोटीने स्वच्छ उन्हातही आडवं यायचं नसतं. ओलांडावाच लागला तर काटकोनात, लवकरात लवकर ओलांडा.

पंख्यात दोर अडकणं आपल्या किनाऱ्यावर इतकं नेहमीचं आहे की त्याला अपघात म्हणवत नाही. प्रवाहात खुंटांना बांधलेली डोल जाळी, त्यांचे खुंट, प्लास्टिकच्या कॅनची बोयी हे सगळं खाडीच्या तोंडाशी असणारच. प्रवाहात बोया ज्या बाजूला वाहत असतो, त्याच्या उलट दिशेला त्याचा दोर तळाकडे जातो. म्हणून बोयाला प्रवाहाच्या खालच्या अंगाने वळसा घालायचा. अडकलाच तर पहिल्या दहा सेकंदांत गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. पुढे-मागे करून सुटेल या आशेने जोर लावला की नायलॉन गरम होऊन पंख्याच्या दांड्यावर वितळतो आणि मग तो करवतीशिवाय निघत नाही. इंजिन बंद करून लगेच नांगर टाकायचा, म्हणजे बोट वाहत जात नाही. त्यानंतर सावकाश, बोटीवरूनच, बोट-हुकाच्या काठीला दातेरी सुरी घट्ट बांधून दोर कापायचा प्रयत्न करायचा.

पाण्यात कोणी उतरायचं नाही. दिरांना कोणी अडवलं ते पत्रात नाही, पण ज्याने अडवलं त्याने त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. दोन नॉटचा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही परत येऊ देत नाही, आणि धुक्यात 50 मीटरवरचं डोकं दिसेनासं होतं.

ओढून नेताना हात सोलवटला, कारण दोर हाताने धरला होता. ओढणीचा दोर क्लीटला, म्हणजे बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, एक पूर्ण वेढा देऊनच धरायचा, हाताला कधीच गुंडाळायचा नाही. आणि हो, जो दोर कापला गेला तो कोणाच्या तरी जाळ्याचा होता. करंजाला जाऊन त्या नाखव्याला भेटा. ओढून आणल्याच्या डिझेलचे पैसे द्या आणि जाळं कोणाचं ते त्यालाच विचारा. अजून कोणी गेलं नसेल तर हे होळीआधी व्हायला हवं.

रडारबद्दल माझं मत यजमानांना आवडणार नाही. वस्तू वाईट नाही, पण लहान बोटीवरच्या रडारला लाकडी होड्या आणि पाण्यातले खुंट नीट दिसत नाहीत, जाळी तर दिसतच नाहीत. एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली जागा रेडिओने कळवतात त्या यंत्रणेवर, मोठी जहाजं दिसतात, लहान होड्या बऱ्याचदा दिसत नाहीत. पडद्यावरचा ठिपका आणि डोळ्यांना दिसणारी वस्तू यांची सांगड स्वच्छ हवेत पुष्कळ वेळा घातली, तरच धुक्यात त्याचा उपयोग. तोपर्यंत धोका असा की रडार आहे म्हणून साडेसातलाच निघावंसं वाटेल. त्याच पैशातला थोडा भाग 60 मीटर दोर, साखळी, हातातला व्हीएचएफ रेडिओ आणि डोलकाठीवर टांगायचा रडार रिफ्लेक्टर यांवर गेला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं. रिफ्लेक्टरमुळे निदान बार्जला तुम्ही दिसता.

आता तुमचा मूळ प्रश्न. "तुला बोटीतलं काय कळतं" याचं उत्तर म्हणून तुम्ही शिडं शिकायला जायची गरज नाही. निघायचं की थांबायचं हा निर्णय शिडाच्या ज्ञानावर चालत नाही. बोट चालवण्याच्या बाबतीत कप्तान एकच असावा आणि त्याचं नाव निघण्याआधी मोठ्याने सांगितलेलं असावं. तुमच्याकडे तीन मालक आणि शून्य कप्तान होते, रात्री आरडाओरडा झाला तो त्यामुळेच. मात्र "परत फिरा" किंवा "निघू नका" म्हणायचा हक्क बोटीवरच्या प्रत्येकाला, कारण न सांगता, असायला हवा. तुम्ही नकार देऊ नका, अटी द्या. नकारावर वाद घालता येतो. "56 मीटर दोर आहे का, दाखवा" यावर घालता येत नाही.

एक गोष्ट मात्र शिकाच: व्हीएचएफवर चॅनेल 16 कसा लावायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद पडून बोट वाहतेय पण जीव धोक्यात नाही, तर "पॅन-पॅन" तीनदा. जीव धोक्यात असेल तर "मेडे" तीनदा. मग बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालंय, किती माणसं. हे कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर आहे. हातघाईच्या वेळी पुरुष मंडळी दोर आणि सुकाणूत गुंतलेली असतात. रेडिओ हाती घेणारी शांत व्यक्ती तुम्ही असू शकता.

मुलाला नेण्याबद्दल: जॅकेट त्याच्या मापाचं, दोन पायांमधून पट्टा येणारं आणि धक्क्यावर पाऊल ठेवण्याआधी अंगात घातलेलं असेल तर न्या, नाहीतर नको. मोठ्यांनी घातल्याशिवाय मूल घालत नाही. आणि जॅकेट फक्त धुक्यासाठी नसतं: 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली तेव्हा धुकं नव्हतं, चारच्या सुमाराची दुपार होती. फुगणारी जॅकेटं असतील तर आतला गॅसचा सिलिंडर हाताने पिळून घट्ट आहे का पाहा, तो सैल होतो.

सासूबाईंना दिवसाच्या फेरीला जरूर न्या. रात्रीच्या मुक्कामाला नको, आणि हे मी त्यांच्या वयाकडे बघून म्हणत नाही. 26 फुटी बोटीवर सात माणसं दिवसा बसतात, रात्री जेमतेम चौघांची पाठ टेकते. सकाळचा चुकीचा निर्णय रात्रभर न झोपलेल्या लोकांनी घेतला होता, हेही विसरू नका.

मित्राच्या बायकोशी व्हॉट्सॲपवर काही लिहू नका. घरी बोलवा, दोघांनाही. "जे बोलले ते भीतीने बोलले, चुकलंच" इतकं आधी बोलून टाका आणि स्पष्टीकरणात शिरू नका. मग एक कागद घ्या आणि सगळ्यांनी मिळून शनिवार संध्याकाळपासूनचा क्रम लिहा: किती वाजता काय ठरलं, तेव्हा कोण काय बोललं. सुकाणू त्याच्या हातात होतं, पण साडेसातला निघायला सगळ्यांनीच मान डोलावली होती, तुम्हीसुद्धा, हे त्या कागदावर आपोआप दिसेल. त्याने बार्ज चुकवला हेही दिसेल. बघा, कदाचित तिला नेमकं तेच कोणाकडून तरी ऐकायचं असेल.

राहिली होळी. मार्चपर्यंत पहाटेचं धुकं पुष्कळ कमी होतं, पण होळी पौर्णिमेला असते, म्हणजे पुन्हा उधाण, पुन्हा चार मीटर आणि दीड-दोन नॉटचे प्रवाह. तारीख बदला. रंगपंचमी उलटून अष्टमीच्या आसपासचा शनिवार किंवा रविवार पाहा. भांगाची भरती असल्याने पाणी दोन मीटरच्या आसपासच चढतं आणि प्रवाहही मवाळ असतो. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. दहाला निघा, मुक्काम नको, खारे वारे सुटले की ते आणि दुपारची भरती दोन्ही धरून बंदरात परत या. अंधार पडायच्या आत बोट मूरिंगवर बांधलेली हवी. या फेरीत रडार लावा आणि दिसणारा प्रत्येक ठिपका डोळ्यांनी शोधायचं काम दिरांना द्या.